अनुभव धागा : मोबाईल कॅमेऱ्याचे खेळ, वावरातले आणि कवेलूखालचे

नमस्कार मंडळी. सूर्यास्त आणि फुलं सगळेच टिपतात. या धाग्यात त्यापुढचं लिहायचं आहे. प्रयोग हलकाफुलका चालेल, पण वाचणाऱ्याला तो उद्या सकाळी आपल्या गावात करून पाहता आला पाहिजे. साहित्य काय, अंतर किती, सेटिंग कोणती, बिघडतं कुठं आणि का, एवढं नक्की लिहा. सामान तालुक्याच्या बाजारात मिळणारं असावं, फोन साधा धरावा.

एक गोष्ट सगळ्याच प्रयोगांना लागू आहे, ती आधी सांगून टाकते. फोन दर क्षणाला तीन गोष्टी स्वतःच ठरवत असतो: फोकस, उजेड आणि रंगाचा तोल म्हणजे व्हाइट बॅलन्स. खेळ करताना नेमकं हेच आडवं येतं. पडद्यावर बोट दोन-तीन सेकंद दाबून धरलं की बऱ्याच फोनांत फोकस आणि उजेड लॉक होतो. बाजूला सूर्याची खूण येते, ती खाली ओढली की फोटो गडद होतो. व्हाइट बॅलन्सला प्रो मोड, म्हणजे सगळी सेटिंग हातानं करायची सोय, लागतो. तो नसेल तर ‘ओपन कॅमेरा’ हे फुकट अ‍ॅप घ्या आणि त्याच्या सेटिंगमध्ये कॅमेरा एपीआय ‘कॅमेरा २’ करा. फोननं साथ दिली तर आयएसओ (सेन्सरनं उजेड किती वाढवून घ्यायचा) आणि शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) हातात येतं. काही स्वस्त फोनांत ही सोय मुळातच दिलेली नसते, तिथं अ‍ॅप बदलून उपयोग नाही.

लिहा आता.

दारव्हा, जि. यवतमाळ

पाण्याच्या थेंबाचं भिंग. पैसा लागत नाही आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पानामागचा मावा पाय मोजता येतील इतका मोठा दिसतो.

सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज किंवा औषधाचा ड्रॉपर घ्या. लेन्सची काच कोरडी पुसा. फोन पालथा ठेवा, म्हणजे मागचा कॅमेरा वर येईल. मुख्य लेन्सवर एकच थेंब सोडा, साधारण ४-५ मिलिमीटर रुंद. मग फोन एका झटक्यात पण धक्का न देता उलटा करा, थेंब काचेला लोंबून राहतो. थेंब जितका लहान आणि फुगीर तितकं मोठं दिसतं, पण कडा तितक्याच वितळतात. कामाचा भाग मधलाच. पसरट थेंब पडला तर पुसून नवा घ्या. काचेवर बोटाचं तेल असलं की थेंब वेडावाकडा बसतो, बहुतेकांचं इथंच चुकतं.

ऑटोफोकसच्या भरवशावर राहू नका. फोकस लॉक करून फोनच वरखाली करायचा. पान साधारण एक सेंटिमीटरवर येतं. हात इतका स्थिर राहत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना काड्यापेट्या रचून त्यावर फोन टेकवा आणि पानाखाली कागदाच्या घड्या घालत उंची जुळवा. फोनला दोन-तीन लेन्स असतील तर त्याला स्वतःहून लेन्स बदलू देऊ नका, मॅक्रोचं, म्हणजे अगदी जवळच्या फोटोचं, ऑटो बंद ठेवा.

उन्हाळ्यात पाणी पाहता पाहता वाळतं. मेडिकलमधलं ग्लिसरीन वापरा. ते वाळत नाही, घट्ट असल्यानं ओघळही कमी येतो, आणि पाण्यापेक्षा प्रकाश जास्त वाकवत असल्यानं त्याच आकाराचा थेंब अधिक मोठं दाखवतो. माईक आणि स्पीकरच्या भोकांपासून मात्र थेंब लांब ठेवा. फोन वॉटरप्रूफ म्हणून विकला असला तरी.

समुद्रपूर, जि. वर्धा

दारव्ह्याच्या दादांना जोडून. थेंब नको असेल तर जत्रेतल्या खेळण्यातल्या लेझरचं भिंग चालतं. सेल आधी काढा, पुढची टोपी फिरवून उघडा, आत हरभऱ्याहून लहान भिंग असतं. केसांच्या पिनेच्या फटीत ते धरायचं आणि पीन चिकटपट्टीनं लेन्सवर बसवायची. भिंग उलटसुलट करून पाहा. ज्या बाजूनं मधला स्पष्ट भाग मोठा येतो ती ठेवा. उरलेला लेझर पोरांच्या हाती देऊ नका आणि कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये कधीच मारू नका, सेन्सरवर कायमचे डाग पडतात.

मूर्तिजापूर, जि. अकोला

थेंब लेन्सवरच हवा असं नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पानावर जे दव असतं त्या प्रत्येक थेंबात मागचं दृश्य उलटं दिसतं. थेंबाच्या मागं २-३ इंचांवर करडईचं किंवा सूर्यफुलाचं फूल धरा, ऊन त्या फुलावर पडू द्या, थेंब सावलीत राहू द्या. फोकस थेंबाच्या कडेवर नको, आतल्या फुलावर हवा. दोन्हींत फरक मिलिमीटरभराचाच असतो, पण चित्र त्यावरच ठरतं. फोटो नंतर १८० अंशांत फिरवला की फूल सरळ आणि थेंब वर चढलेला, असं गमतीचं चित्र मिळतं. पारदर्शक काचेची गोटी घेतली तर हाच खेळ भर दुपारीही करता येतो.

हरभऱ्याच्या वावरात मात्र जपून. त्या पानांवरचं पाणी म्हणजे नुसतं दव नाही, ती आंब आहे. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. लेन्स टेकली, तर दुपट्ट्यानं कोरडी घासू नका. आधी साध्या पाण्यानं ओल्या केलेल्या मऊ कापडानं टिपून घ्या, मग वाळवा. आंबेवर धूळ बसलेली असते आणि घासल्यानं ओरखडे पडतात ते त्या धुळीचे.

मूल, जि. चंद्रपूर

कवेलूचं (कौलारू) घर असेल तर अख्खी खोलीच कॅमेरा होते. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रयोग ऐकून सगळ्यांना माहीत असतो, पण जमत नाही म्हणून सोडून दिला जातो.

अंगणाकडं उघडणारी एक खिडकी निवडा. अंगणावर ऊन हवं, खिडकीवर नको. म्हणजे सकाळी पश्चिमेकडची खिडकी, दुपारी ३ नंतर पूर्वेकडची. खिडकी जाड पुठ्ठ्यानं किंवा काळ्या प्लास्टिकनं पूर्ण बंद करा. दाराखालची फट, कवेलूमधल्या फटी, आढ्याजवळची पोकळी, सगळीकडं गोणपाट कोंबा. नव्वद टक्के लोकांचं चित्र इथंच मरतं, कारण भिंतीवर येणारा उजेड इतका मंद असतो की एक फटही त्याला धुऊन टाकते. पुठ्ठ्याला १ सेंटिमीटरचं गोल भोक पाडा. समोर अडीच-तीन मीटरवर पांढरी चादर सुरकुत्या न ठेवता ताणून बांधा. आत बसून डोळ्यांना दहा मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. मग अंगणातलं कडुनिंबाचं झाड, बंडी, विहिरीचा काठ, सगळं चादरीवर उलटं आणि रंगीत उतरतं. बाहेर कोणी चाललं तर चादरीवर तो माणूस छताला पाय लावून चालतो.

भोक ५ मिलिमीटरचं केलं तर चित्र रेखीव होतं, पण उजेड चौथाई उरतो, म्हणजे शटर चौपट लागतं. आधी १ सेंटिमीटरनं जमवा, मग लहान करा. फोन स्टुलावर विटेला टेकवून पक्का बसवा, आयएसओ ४००, शटर १५ सेकंद, फोकस हातानं चादरीवर, ३ सेकंदांचा टायमर. ऑटो नाइट मोड इथं वापरू नका, तो चित्रातली मंद छटा पुसून गुळगुळीत करतो.

एक बारकावा. हा फोटो सरळ करताना १८० अंशांत फिरवला तर अंगणातल्या पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. चादरीवरचं चित्र आपण भोकाच्याच बाजूनं पाहत असतो, म्हणून त्यात फक्त वर-खाली उलटलेलं असतं. फिरवायचं नाही, उभ्या दिशेनं फ्लिप करायचं. मूर्तिजापूरच्या ताईंच्या थेंबात आपण आरपार पाहतो, तिथं फिरवणंच बरोबर.

याच घरात दुसरा खेळ कवडशांचा. कवेलूच्या फटीतून पडणारे गोल हे फटीचे आकार नसतात, ती सूर्याची चित्रं असतात. गोलाचा व्यास म्हणजे फटीपासूनच्या अंतराचा साधारण १०८ वा भाग, म्हणजे ३ मीटरला पावणेतीन सेंटिमीटर. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ते फार सुंदर दिसतात. किरणांचे खांब हवे असतील तर चुलीचा किंवा उदाचा धूर थोडाच करा. जास्त धुरानं सगळं पांढरं होतं. कॅमेरा किरणांच्या उगमाकडं तिरका, मागं गडद भिंत, सूर्याची खूण ओढून उजेड दीड-दोन घरं खाली.

गोंदिया जिल्ह्यातून

झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे फोटो काढणाऱ्यांसाठी. मंचावरच्या एलईडीखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो आणि सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत असतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात. सेटिंगमध्ये अँटी-बँडिंग असेल तर ५० हर्ट्झ निवडा. पण काही रंगीत दिव्यांची लुकलुक विजेच्या नाही, त्यांच्या स्वतःच्या सर्किटच्या तालावर असते. तिथं पडद्यावर पाहत शटर एकेक पायरी बदलावं लागतं.

उलट पट्टेच हवे असतील तर शटर १/१००० आणि आयएसओ वाढवा. पांढऱ्या भिंतीपुढं उभ्या माणसावर अंधार-उजेडाच्या रेघा छापल्या जातात. याच कारणानं फिरणाऱ्या कूलरच्या पंख्याची पाती फोटोत कोयत्यासारखी वाकतात. फोन आडवा आणि उभा धरून पाहा, वाकण्याची दिशा बदलते.

आर्वी, जि. वर्धा

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी खऱ्या बैलाहून मोठा दाखवायचा असेल तर गणित सोपं आहे. नंदी १५ सेंटिमीटर, बैल शिंगांसकट दीड मीटर, म्हणजे दहापट. नंदी लेन्सपासून ४० सेंटिमीटरवर आणि बैल ४ मीटरवर असला की दोघं सारखे दिसतात. बैल ८ मीटरवर नेला की नंदी दुप्पट होतो.

गंमत उघडी पडते ती पायांशी. नंदी हातात धरू नका, बंडीच्या फळीवर किंवा धुऱ्याच्या कडेवर ठेवा आणि कॅमेरा त्याच्या पोटाच्या उंचीवर आणा, म्हणजे मधली जमीन लपते. पोर्ट्रेट मोड बंद हवा, नाहीतर फोन बैलच धूसर करून टाकतो. साध्या १एक्स लेन्सनं एवढ्या जवळून मागचं थोडं पुसट होतंच. ०.५एक्स, म्हणजे जास्त रुंद दाखवणारी लेन्स वापरली तर दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. दोघांवर ऊन एकाच बाजूनं पडत असावं. आणि जोडी पोळ्याच्या दिवशीच सजलेली असते, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. शेजाऱ्यांना झूल आणि बाशिंगं एक दिवस राहू द्या म्हणून आधीच सांगून ठेवा.

पातूर, जि. अकोला

मे महिन्यातला फुकटचा खेळ: बिनसावलीचे फोटो. आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गडचिरोलीकडं २१ मे, अकोल्याकडं २३, नागपूरकडं २६ मेच्या सुमारास, दुपारी साधारण १२:०५ ते १२:२० मध्ये. पूर्वेकडं आधी, पश्चिमेकडं नंतर. जुलैत पुन्हा एक दिवस येतो, पण तेव्हा आभाळ असतं. स्टीलचे पेले, पाइपचे तुकडे, डबे सपाट ओट्यावर मांडा. सपाटी तपासायला ताटात पाणी घाला. दर मिनिटाला एक फोटो घ्या. मधल्या दोन-तीन फोटोंत वस्तूंना सावलीच नसते आणि त्या कागदावरून कापून चिकटवल्यासारख्या दिसतात. हे कोणत्याही अ‍ॅपनं केलेलं नाही, म्हणूनच पाहणारा थबकतो.

फोन उन्हात पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. तापला की आधी पडदा मंद होतो, मग फ्लॅश आणि कॅमेरा बंद पडतो. कव्हर काढा, इंटरनेट बंद ठेवा, दोन फोटोंमध्ये सावलीत घ्या. तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा माठाला टेकवून गार करू नये, आत दव धरतं.

चिखली, जि. बुलढाणा

शाळेच्या कंपासपेटीतला त्रिकोण इंद्रधनुष्यासारखा रंगतो. एलसीडी टीव्ही किंवा लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा. त्यातून येणारा प्रकाश ध्रुवित (पोलराइज्ड) असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात. लेन्सपुढं पोलराइज्ड गॉगलची काच धरून ती फिरवत जा, एका कोनात पडदा काळा पडतो. आता मधे पारदर्शक प्लास्टिकचा त्रिकोण, चमचा, कॅसेटची डबी धरा. प्लास्टिक घडताना त्यात जिथं ताण राहिला तिथं रंगांचे पट्टे उमटतात. काच आणि पडदा यांचा कोन टिकवून प्लास्टिक फिरवलं की रंग बदलतात. साध्या काळ्या गॉगलनं काहीच दिसत नाही, त्यामुळे विकत घेण्याआधी दुकानातच कुठल्या तरी एलसीडी पडद्यासमोर फिरवून पाहा.

हिंगणघाट, जि. वर्धा

फोटो मोबाईलचा, छपाई हळदीची. आपल्या भागात ऊन आणि हळद दोन्ही उत्तम. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्यात कुरकुमीन भरपूर. ते उन्हानं उडतं, त्यावरच हा प्रयोग चालतो. फुलांच्या रसावर उन्हानं चित्र उठवण्याचे प्रयोग इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं १८४२ साली प्रसिद्ध केले होते, त्याच घराण्यातली ही रीत.

फोटो आधी काळा-पांढरा करा आणि कॉन्ट्रास्ट चांगला वाढवा. करड्या छटा टिकत नाहीत. पानांची जाळी, चेहऱ्याची कड, बैलाची शिंगं असे ठळक आकार निवडा. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडं लेझर प्रिंटरवर पारदर्शक शीटवर प्रिंट घ्या. निगेटिव्ह करू नका, सरळच प्रिंट हवी.

घरी दळलेली हळद ५ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, ५० मिलिलिटर सर्जिकल स्पिरिटमध्ये घालून हलवा. पाण्यात कुरकुमीन विरघळत नाही, स्पिरिटच लागतं. चूल आणि उदबत्ती लांब ठेवा, स्पिरिट पेट घेतं. पंधरा मिनिटं निवळू द्या, कापडातून गाळा. जाड चित्रकलेच्या कागदावर रुंद ब्रशनं एक हात आडवा द्या, अंधाऱ्या खोलीत वाळवा, मग दुसरा हात उभा. गाळ राहिला तर कागदावर ठिपके येतात, ते नंतर जात नाहीत.

खाली प्लायवूड, त्यावर कागद, त्यावर प्रिंट, वर काच, कडेनं क्लिपा. मधे हवा राहिली की कड पुसट होते. मे महिन्याच्या ११ ते २ च्या उन्हात दीड ते तीन तास, हिवाळ्यात दुप्पट धरा. एक कोपरा उचलून पाहा. मोकळा भाग फिक्कट पडला की झालं. आता २०० मिलिलिटर कोमट पाण्यात एक चमचा टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून फवारा. ज्या हळदीवर सावली होती ती लालसर तपकिरी होते, उडालेला भाग पांढुरका राहतो. काही सेकंदांत हा बदल डोळ्यांदेखत होतो. मग पाण्यातून हलकेच काढा आणि सावलीत वाळवा.

धुण्याच्या सोड्यानंही लाल होतं, पण ते वाळल्यावर बरंच ओसरतं. टाकणखाराचा रंग टिकतो. तो पोटात जाता कामा नये, डब्यावर नाव लिहून वेगळा ठेवा. तयार चित्र उजेडाच्या भिंतीवर लावू नका, वहीत ठेवा. हळद शेवटी उडणारच, म्हणून चांगल्या उजेडात त्याचा फोटो काढून घ्या.

तुमसर, जि. भंडारा

दाण्यांचा सिनेमा. ज्वारी, तूर, सरकीचे दाणे काळ्या कापडावर सरकवत एकेक फोटो. सिनेमात सेकंदाला १२ फोटो पुरतात, म्हणजे १० सेकंदांना १२० फोटो. फोन वरून खाली पाहणारा हवा: विटांच्या दोन चवडी, वर लाकडी पट्टी, फोनचा कॅमेरा कडेबाहेर. शटर बोटानं दाबू नका, इअरफोनच्या व्हॉल्यूम बटणानं दाबा, बहुतेक फोनांत चालतं. मूग उगवताना दाखवायचा असेल तर दर ५ मिनिटांनी एक, ४८ तासांत ५७६ फोटो, सेकंदाला २४ च्या गतीनं २४ सेकंद. उजेड दिवसाचा घेऊ नका, ऊन-सावलीनं सिनेमा लुकलुकतो. बंद खोलीत इन्व्हर्टरवरचा एकच दिवा ठेवा, लाइट गेली तरी तो चालू राहील.

वरुड, जि. अमरावती

विजांचे फोटो पक्क्या घराच्या खिडकीतूनच काढा. झाडाखाली, टिनाच्या शेडमध्ये, मोकळ्या वावरात नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते फोनात असू द्या. आयएसओ १००, शटर ८ ते १० सेकंद, फोकस अनंतावर, एकामागून एक घेत राहायचं. ज्यात वीज आली ते दोन-तीन फोटो ‘स्नॅपसीड’च्या डबल एक्स्पोजरमध्ये ‘लायटन’वर जोडा, एकाच आभाळात सगळ्या विजा येतात. फोन मधे हलला असेल तर घरांच्या कडा दुहेरी दिसतात, ते नंतर दुरुस्त होत नाही.

आर्णी, जि. यवतमाळ

बोटानं मोबाईलवर चित्र काढून त्याचं बॅनर करणाऱ्यांसाठी. ‘आयबिस पेंट’ या चित्र काढायच्या अ‍ॅपमध्ये कॅनव्हास आधीच मोठा घ्या. ४ बाय ८ फुटांच्या फ्लेक्सला ७२ डीपीआयनं (इंचाला ७२ ठिपके) ३४५६ बाय ६९१२ पिक्सेल लागतात. फोनला एवढा जड जात असेल तर निम्मा घ्या, दहा फुटांवरून पाहताना चालतं. लेयर मात्र मोजकेच ठेवा. घामेजल्या बोटानं रेघ तुटते. कापसाच्या इअरबडचं टोक थोडं ओलं करून, टोक उघडं ठेवून, दांड्याला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा आणि फॉइलला बोट लागलेलं राहू द्या. पेनासारखं चालतं.

गडद निळा छापून जांभळट येतो, तो थोडा हिरव्याकडं झुकवून ठेवा. फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मूल, जि. चंद्रपूर

आर्णीचे भाऊ, अक्षरांचं काय? फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात.

आर्णी, जि. यवतमाळ

मजकूर वेगळा पाठवूच नका दादा. अक्षरं चित्रातच बसवा आणि पीएनजी, म्हणजे चित्राची फाईल, करून द्या. त्याच्याकडं जुना फॉन्ट असला तरी फरक पडत नाही. फक्त नावाचं स्पेलिंग आधी घरच्यांना दाखवून घ्या, पीएनजीत मग बदल करता येत नाही. आणि कडेनं तीन इंच जागा मोकळी सोडा, तिथं रिंगा ठोकतात.